प्रथिनाचे औषध फ्रीजबाहेर टिकेल का?

प्रश्न : आईला इन्सुलिन सुरू आहे. मे महिन्यात भर दुपारी वीज गेली, की फ्रीजमधल्या कुप्यांचा घोर लागतो. उकाड्यात न बिघडणारे, गोळीसारखे गिळता येणारे प्रथिनाचे औषध बनवता येणार नाही का? — एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : इन्सुलिन 51 अमिनो आम्लांचे (प्रथिने ज्यांच्या साखळीने बनतात ते घटक) प्रथिन आहे आणि त्याचे काम त्याच्या घडीवर, म्हणजे साखळी दुमडून झालेल्या आकारावर, अवलंबून असते. उष्णतेने ती घडी विस्कटते. गिळले तर जठर व आतडी त्याचे तुकडे करतात. पोटाच्या लेखी इन्सुलिन काय आणि तुरीचे वरण काय, सारखेच.

मात्र उकळूनही टिकणारी प्रथिने निसर्गात आहेत. काँगोमध्ये प्रसूती लवकर व्हावी म्हणून स्त्रियांना एका वनस्पतीचा काढा देत. लोरेंट्स ग्रान या नॉर्वेजियन डॉक्टरांनी त्यातून वेगळे केलेले कलाटा बी-1 हे प्रथिन अवघ्या 29 अमिनो आम्लांचे आहे. त्याची दोन्ही टोके एकमेकांना जुळलेली असल्याने टोकापासून कुरतडणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) सुरुवातच सापडत नाही, शिवाय गंधकाचे तीन बंध त्याला आतून गाठ मारतात. अशा प्रथिनांना सायक्लोटाइड म्हणतात आणि आपल्या कुंपणावरच्या निळ्या गोकर्णीतही ती आढळतात. (म्हणून कुणी गोकर्णीचा काढा औषध म्हणून घेऊ नये.)

संशोधक ही गाठ तशीच ठेवून तिच्या एखाद्या वळशात रोगाशी संबंधित रेणूला चिकटणारा तुकडा बसवतात. हे वाटते तितके सोपे नाही : गंधकाचे बंध ज्या सहा सिस्टीनमध्ये (गंधक असलेल्या अमिनो आम्लांमध्ये) जुळतात, त्यांच्या जोड्या 15 प्रकारे लागू शकतात आणि हवी असते त्यांतली नेमकी एक.

खरी अडचण पुढे आहे. टिकणे वेगळे आणि पोहोचणे वेगळे. अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळालेले लिनाक्लोटाइड हे बद्धकोष्ठावरचे औषध 14 अमिनो आम्लांचे असून तोंडाने घेता येते, पण त्याचे काम आतड्याच्या अस्तरावरच असते, रक्तात शिरण्याची त्याला गरजच नाही. शंखातल्या गोगलगाईच्या विषावरून घडवलेले झिकोनोटाइड हे वेदनाशामक मात्र पाठीच्या कण्यातील द्रवातच सोडावे लागते. आतड्याची भिंत ओलांडली, तरी इतके लहान रेणू मूत्रपिंडे लवकर बाहेर टाकतात.

त्यामुळे आईंच्या कुप्यांची काळजी तूर्त घ्यावीच लागेल. न उघडलेल्या कुप्या 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्यात, पण गोठू देऊ नयेत. वापरातील कुपी किती दिवस व किती तापमानापर्यंत बाहेर चालते, हे वेष्टनावर पाहावे. वीज गेल्यावर कुपी पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून पाण्याने ओल्या केलेल्या मातीच्या भांड्यात ठेवावी. नागपूरच्या कोरड्या मेमध्ये कूलर ज्या कारणाने चांगला चालतो, त्याच कारणाने, म्हणजे पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जात असल्याने, हे भांडेही बाहेरच्या हवेपेक्षा थंड राहते.