वाचक विचारतात : प्लेट कोरी आणि कोयत्याला तडा

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ई. कोलाय जिवाणूंमध्ये प्लास्मिड (डीएनएचं छोटं कडं, त्यावर अँपिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देण्याचा जनुक) घालतोय. कॅल्शियम क्लोराइड, ४२ अंशांचा झटका, सगळं कृतीत लिहिल्याप्रमाणे केलं. तीन वेळा करूनही अँपिसिलिनच्या प्लेटवर एक कॉलनी (जिवाणूंचा ठिपका) नाही. कुठे चुकतंय? – विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : चौथ्यांदा करताना आधी तुलनेसाठी तीन कंट्रोल प्लेट लावा, नाहीतर पुन्हा अंदाजच बांधत बसाल. झटका दिलेल्या पेशी अँपिसिलिन नसलेल्या प्लेटवर पसरा. तिथेही वाढ नसेल तर पेशी मेलेल्या आहेत. प्लास्मिड न घातलेल्या पेशी अँपिसिलिनच्या प्लेटवर पसरा. ही कोरी राहिलीच पाहिजे. तिसरीसाठी पीयूसी१९सारखं खात्रीचं प्लास्मिड घ्या, १ नॅनोग्रॅम. त्यावर कॉलन्या आल्या तर पेशी ठीक आहेत, खोट तुमच्या प्लास्मिडात किंवा लायगेशनमध्ये (डीएनएचे तुकडे जोडण्यात) आहे.

बहुतेकदा मात्र घोळ पेशींचाच असतो. कल्चर ६०० नॅनोमीटरला ०.३५ ते ०.४ ओ.डी. (गढूळपणाचं माप) दाखवेल तेव्हाच थांबवायचं. रात्रभर वाढून थकलेल्या पेशी घेतल्या तर बाकीची मेहनत वाया. तिथून पुढे सगळं बर्फात : सेंट्रिफ्यूज ४ अंशांवर, कॅल्शियम क्लोराइड ०.१ मोलर आणि आधीपासून गार केलेलं. पेशी मोकळ्या करताना व्होर्टेक्स (नळी जोरात घुसळणारं यंत्र) वापरू नका, नळी हलकेच फिरवा. या अवस्थेत त्या फार नाजूक असतात. मग १०० मायक्रोलिटर पेशी आणि फार तर ५ मायक्रोलिटर डीएनए, अर्धा तास बर्फात. ४२ अंशांत ४५ सेकंद. ‘जरा जास्त ठेवू’ हा मोह नको. जाड प्लॅस्टिकच्या मोठ्या नळीला ९० सेकंद लागतात, कारण उष्णता आत पोचायला वेळ जातो. कृती कुठल्या नळीसाठी लिहिली आहे ते म्हणूनच बघायचं. पुन्हा २ मिनिटं बर्फ, ९०० मायक्रोलिटर माध्यम आणि ३७ अंशांवर तासभर हलवत ठेवणं. हा तास वाचवू नका. प्रतिकाराचं प्रथिन पेशीला याच वेळात बनवायचं असतं. अँपिसिलिनला घाई एखादे वेळी खपून जाते, कॅनामायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाला नाही. ते प्रथिनं बनवण्याचं कामच थांबवतं.

आगर कढत असताना अँपिसिलिन ओतलं असेल तर ते निकामी झालेलं असतं. अशा प्लेटवर प्लास्मिड नसलेलेही उगवतात आणि आपण उगाच खूश होतो. आगर ५० अंशांपर्यंत निवू द्या, मग मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम घाला. प्लेट १६ तासांनी बाहेर काढा. उशीर झाला तर खऱ्या कॉलनीभोवती बारीक ठिपके दिसू लागतात : तिने आजूबाजूचं अँपिसिलिन तोडल्यामुळे आयतं फावलेले शेजारी. उचलायची ती मधली मोठी.

हिशेबही मांडा. १ नॅनोग्रॅम डीएनए, एकूण १ मिलिलिटर, त्यातलं १०० मायक्रोलिटर पसरलं आणि १०० कॉलन्या आल्या, तर कार्यक्षमता मायक्रोग्रॅमला १० लाख कॉलन्या. साध्या प्लास्मिडला एवढी पुरते, लायगेशनला अपुरी पडू शकते.

प्रश्न : ट्रकच्या पाट्याचे दोन कोयते करून घेतले. लोहाराने लाल करून पाणी दिलं. एकाला तिथेच तडा गेला, दुसऱ्याच्या धारेचा नारळावर तुकडा उडाला. सळईचा केलेला मात्र वाकतो. पाण्यात असं होतं काय? पोलादाच्या या बदलाला ‘रूपांतरण’ म्हणतात, आणि मुलाच्या पुस्तकात जिवाणूंच्या बाबतीतही हाच शब्द आहे. – वाचक, चिपळूण

उत्तर : शब्द एक, गोष्टी दोन. १९२८ मध्ये ग्रिफिथला दिसलं की मेलेल्या घातक न्यूमोकॉकसमधलं काहीतरी जिवंत, निरुपद्रवी जिवाणूंत जातं आणि तेही घातक होतात. ते ‘काहीतरी’ डीएनए असल्याचं एव्हरी, मॅक्लिओड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवलं. म्हणजे तिथे बाहेरून नवा माल येतो. पोलादात काहीच येत नाही. तेच लोखंड, तोच कार्बन, फक्त अणूंची मांडणी बदलते.

पाट्याच्या पोलादात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो. ८५० अंशांच्या आसपास तो लोखंडात पूर्ण विरघळतो. हळू निवू दिलं तर बाहेर पडून वेगळा थर करतो. झटक्यात निवलं तर त्याला निघायला सवड मिळत नाही. अडकलेल्या कार्बनमुळे लोखंडाच्या अणूंची जाळी एका दिशेने ताणली जाते. तेच मार्टेन्साइट : अतिशय कठीण, पण काचेसारखं ठिसूळ. शिवाय ते आधीपेक्षा जास्त जागा मागतं. पाण्यात वरचा थर आधी कडक होतो, मागून आतला भाग फुगतो आणि साल फाटते. तुमचा पहिला कोयता असा गेला.

म्हणून पाट्याला पाणी नको, तेल द्या, ५०–६० अंशांपर्यंत कोमट केलेलं. गार तेल घट्ट असतं, उष्णता नीट ओढत नाही. रंग सावलीत पाहायचा. उन्हात लाल दिसेपर्यंत पातं फार तापलेलं असतं, कण मोठे होतात आणि धार भुगा होऊन झडते. सोपी खूण लोहचुंबक : तो चिकटायचा थांबला की थोडं आणखी तापवा, पळसफुलासारखा रंग आला की बुडवा, तेही टोकाकडून सरळ. आडवं टाकलेलं पातं वाकतं.

दुसऱ्या कोयत्याचा दोष वेगळा : पाणी दिल्यावर तो पुन्हा तापवलाच नाही. पातं घासून चकचकीत करा आणि मुठीकडून हळूहळू तापवा. आधी पेंढ्यासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा रंग चढतो. नारळ, लाकूड अशा दणक्याच्या कामाला धारेवर जांभळा येताच थांबवा, म्हणजे सुमारे २८० अंश. नुसत्या गवतकापणीला पिवळा चालेल.

सळईत कार्बन ०.३ टक्क्यांहून कमी. तिला कितीही पाणी पाजा, कोयत्याजोगती धार टिकायची नाही. पुढच्या वेळी पाटाच आणा, आणि त्यात बारीक भेग नाही ना, ते आधी बघा. ट्रकखाली वर्षानुवर्षं हेलकावे खाल्लेल्या पाट्यात ती सापडते, आणि तडा नेमका तिथूनच जातो.