भाऊ गेल्यानंतरची पहिली दिवाळी, त्यात ऑफिसात मुदतीची कामं. कसं निभवायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. भाऊ मे महिन्यात गेला, घरचे ‘दिवाळीला ये’ म्हणताहेत, ऑफिसात कामाचा ढीग आहे आणि खरं सांगायचं तर सुट्टी मिळाली तरी नकोच आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले.

माझा दादा २०२४ च्या जुलैत गेला. मी पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात काम करते. आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे ऑडिटचा हंगाम. त्या वर्षी ऑडिटवाल्या क्लायंटची इन्कम टॅक्सची रिटर्न भरायची शेवटची तारीख होती ३१ ऑक्टोबर, आणि त्याच दिवशी नरक चतुर्दशी. पहिल्या अंघोळीच्या दिवशी पोर्टलवर बसायचं म्हणून ऑफिसातले सगळे चरफडत होते. मी मनातून खूश. सांगलीला आईला सांगून मोकळी झाले होते की एकतीसपर्यंत मान वर करता येणार नाही, भाऊबीजेला जमलं तर बघते.

२६ तारखेला, शनिवारी, मुदतवाढ आली. १५ नोव्हेंबर. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी सामोसे मागवले, आणि माझ्या पोटात गोळा आला. आता सांगलीला न जायला कारणच उरलं नव्हतं. तीन महिने मी ज्याला कामाचा ताण म्हणत होते, त्यातला निम्मा मीच मागून घेतलेला होता. शेजारच्या टेबलावरच्या फायलीसुद्धा ओढून घेत होते.

‘कामात मन गुंतव’ हा सल्ला तुम्हालाही मिळत असेल. दिवसा तो लागू पडतो, माझा अनुभव आहे. रात्री दहानंतर मात्र नाही. त्याच ऑक्टोबरात एका क्लायंटचा ताळेबंद मी दुसऱ्याच क्लायंटच्या मेलला जोडला होता. पाठवण्याआधी सहकाऱ्याच्या नजरेस पडला म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी सरांना जाऊन सांगितलं, “सर, संध्याकाळी सातनंतर माझ्याकडून तपासणीचं काम नको. डोळ्यांसमोर आकडे असतात, पण ते मला दिसत नाहीत.” ते काही फार हळवे वगैरे झाले नाहीत. तपासणी दुसऱ्याकडे दिली, मला सकाळची कामं दिली, विषय संपला. ‘घरगुती अडचण आहे, जरा समजून घ्या’ असं मी आधी दोनदा म्हणून पाहिलं होतं, त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. समजून घ्या म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि विसरतो. नेमकं काय नको ते सांगितलं की त्याला काहीतरी करता येतं. तुम्हीही कुठलं काम, किती वाजल्यानंतर आणि कुठल्या तारखेपर्यंत नको, एवढं ठरवून मगच सांगा. आणि ऑफिसच्या ट्रॅडिशनल डेला अजिबात जाऊ नका. मी गेले होते. “अगं, आज इतकी साधी कशी?” याला उत्तर नसतं.

घरी जायचं की नाही? मी गेले. वसुबारसेला संध्याकाळी पोचले. सगळ्या गल्लीत आकाशकंदील, आमच्याच दारात नाही, हे लांबूनच दिसतं. त्याची तयारी करून जा. दुखवट्याच्या वर्षी आमच्याकडे तळणीची कढई चढत नाही, फराळ शेजारपाजारचे आणून देतात. धनत्रयोदशीपर्यंत अकरा डबे जमले होते. चिवड्याचा प्रत्येक डबा उघडला की बाबा आधी शेंगदाणे आहेत का बघायचे, कारण दादा ते वेचून खायचा आणि मग खाली उरलेल्या पोह्यांवरून आमची भांडणं. आईला वेगळाच घोर. दुखवट्याच्या घरातून काही द्यायचं नसतं आणि रिकामा डबा परत करणं तिच्या हाताला जमेना. शेवटी तिने प्रत्येक डब्यात चिमूटभर साखर टाकली. त्या चार दिवसांत ती रडली ती एवढ्यावरूनच.

तुमच्या घरात लहान मुलं आहेत का, ते लिहिलेलं नाही. असतील तर त्यांची दिवाळी मोठ्यांच्या दुखवट्यात बुडवू नका. माझा पुतण्या तेव्हा नऊ वर्षांचा. किल्ला करू का, हे तो कुणालाच विचारत नव्हता. नुसता अंगणातल्या विटा मोजत फिरत होता. वहिनी गप्प, बाबा गप्प. आई म्हणाली, “किल्ला म्हणजे काय सण आहे होय?” आणि विषय मिटला. मावळे माळ्यावरून उतरवले, मी दोन दिवस चिखल कालवला. त्या सुट्टीत मला धड झोप लागली ती त्या दोन रात्री.

भाऊबीजेचं वेगळं सांगते, कारण तुमची खरी भीती तीच असणार. आपल्याकडे भाऊ नसलेली बहीण चंद्राला ओवाळते, हे तुम्हाला माहीत असेलच. माझ्या आत्याने तसं सुचवलं तेव्हा मला तिचा राग आला होता. मला भाऊ नव्हता असं थोडंच आहे? तरी ३ तारखेला संध्याकाळी ताट घेऊन गच्चीवर गेले, कारण नुसतं बसून राहणं त्याहून अवघड होतं. निरांजन, अक्षता, सुपारी, आईची अंगठी. वाऱ्याने वात दोनदा विझली, तिसऱ्यांदा वहिनीने ओंजळ धरली. बरं वाटलं का? नाही. पण दिवसभर छातीवर जे बसून होतं त्याला काहीतरी करायला मिळालं. रात्री जेवले मी.

कुणाला हे नको वाटेल, तेही ठीक. त्या दिवशी तुम्ही काय करणार ते मात्र आदल्या दिवशीच ठरवून घरच्यांना सांगून ठेवा, म्हणजे ऐन वेळी कुणी पाट मांडत नाही. झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर दिवाळी उलटायची वाट पाहू नका. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि ओवाळायचं ठरलंच, तर दिवेलागणीलाच वर जा. द्वितीयेची कोर पश्चिमेला अगदी खाली असते, सूर्य मावळल्यावर तासा-सव्वातासात जाते. आमच्या समोरच्या इमारतीने ती झाकली होती, मला पाण्याच्या टाकीवर चढावं लागलं.