प्रोजेक्टवर चालणारा धंदा वाढवायचा तर आधी माणसं घ्यावीत की कामं?

तुम्ही लिहिलंय की शेड आणि ग्रिलची कामं करता, आठ माणसं आहेत, एका वेळी दोनच साइट झेपतात, आणि हिशोबाला सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं. सॉफ्टवेअरचं शेवटी सांगतो. पण ‘माणसं की कामं’ हे वाचून राहवलं नाही. याच वादात आमच्या घरी दोन वर्षं जेवणाची ताटं गार झाली आहेत. माझ्या मते प्रश्नच चुकलाय. आधी एका कामाचा पैसा दुसऱ्या कामात जाऊ न देणं जमतंय का ते बघा. ते जमत नसेल तर माणसं वाढवा नाहीतर कामं वाढवा, खड्डा फक्त मोठा होतो.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत गाळा आहे. टॉवेल कारखान्यांच्या शेड, गोडाऊन, आणि उन्हाळ्यात साखर कारखान्यांचं ऑफ-सीझनचं काम. २०२२ च्या दिवाळीपर्यंत दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे मिस्टर, भागीदार होते. कामं ते आणायचे, गाळा मी बघायचो. दाजींचं एकच पालुपद: “आलेलं काम सोडायचं नाही बे. एकदा सोडलं की गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात जातंय.”

त्या जानेवारीत चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेलवाल्याची शेड घेतली. ६० बाय १०० फूट, अंदाजे २४ टन लोखंड, मालासकट ९२ रुपये किलो, भाव पक्का. २२ लाख ८ हजारांचं काम. ३० टक्के ॲडव्हान्स आला, ६ लाख ६२ हजार. त्याच वेळी विजापूर रोडला एका मंगल कार्यालयाचं छत हातात होतं. त्याचं उद्घाटन अक्षय्य तृतीयेला, ३ मेला, आणि पहिल्या लग्नाच्या पत्रिकासुद्धा वाटून झालेल्या. शिवाय एका साखर कारखान्याकडे मागच्या ऑफ-सीझनचं ७ लाख ४० हजारांचं बिल अडकलेलं. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, १ लाख ३३ हजार, आम्ही खिशातून भरून मोकळे झालो होतो, कारण सरकार बिलाची तारीख बघतं, पैसे आले का ते विचारत नाही.

मी म्हणालो, दाजी, आलेल्या ॲडव्हान्सचं आजच चॅनेल-अँगल, म्हणजे शेडच्या सांगाड्याचं लोखंड, उचलू. ६४ चा भाव आहे, दहा टन येतंय, गाडी उभी आहे. दाजी म्हणाले, “आधी मंगल कार्यालयाचा पत्रा घेऊ. त्यांचा पुढचा हप्ता आठवड्यात येतोय, मग तुझं चॅनेल.” पत्र्याला ४ लाख ३० हजार गेले. उरलेले पोरांच्या उचलीत आणि शनिवारच्या पगारात विरघळले. चिंचोळीच्या साइटवर तेव्हा फक्त खांबांच्या पायातले बोल्ट उभे होते.

तो आठवडा सात आठवड्यांचा झाला. मधे २४ फेब्रुवारीला युक्रेनचं युद्ध पेटलं आणि लोखंडाला आग लागली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात व्यापाऱ्याने ७६ सांगितले. किलोला १२ रुपये जास्त, २४ टनांचे २ लाख ८८ हजार. त्या कामात मी नफाच धरला होता २ लाख ४० हजार. म्हणजे पहिला टाका मारायच्या आधी ४८ हजारांनी आत. वरून जखमेवर मीठ असं की २२ मेपासून केंद्राने पोलाद निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं आणि भाव उतरायला लागले. तोवर आमचा सगळा माल चढ्या भावाने घेऊन झालेला.

मंगल कार्यालय वेळेत झालं. दाजींना फेटा, शाल, श्रीफळ. तो फोटो अजून त्यांच्या ऑफिसात आहे. त्या दिवशी मी चिंचोळीत टॉवेलवाल्याच्या शिव्या खात होतो. शेड एप्रिलअखेर द्यायची होती, दिली जुलैत. पावसात घाईने बसवलेलं गटर जुन्या आणि नव्या शेडच्या मधे गळलं, सुताची पोती भिजली. मालकाने १० टक्के रिटेन्शन, म्हणजे काम नीट निघेपर्यंत राखून ठेवायची रक्कम, २ लाख २० हजार, वर्षभर दाबून ठेवलं. त्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही.

तेव्हापासून माझी पद्धत अशी: बँकेत दोन खाती. गिऱ्हाइकाचा ॲडव्हान्स एका खात्यात येतो, आणि त्यातून फक्त त्याच साइटचा माल आणि त्याच साइटची मजुरी निघते. काम संपल्यावर जे उरेल ते माझ्या खात्यात. गाळ्याचं भाडं, लाइट बिल, माझं घर हे सगळं माझ्या खात्यातून. कोरडं पडलं तर बायकोकडे मागतो, दुसऱ्या साइटकडे नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण शनिवारी संध्याकाळी सात पोरं दारात उभी असतात आणि शेजारच्या खात्यात पाच लाख दिसत असतात, तेव्हा कळतं.

तुमच्या प्रश्नाला धरून सांगायचं तर मी आधी माणूस घेतला, पण वेल्डर नाही. वेल्डर-फिटर रोजावर मिळतात (गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या वेळच्या सिद्धेश्वराच्या यात्रेचा आठवडा सोडून. त्या आठवड्यात सोलापुरात कुणाला शेड उभी करायची तारीख देऊ नका). मी घेतला ड्रॉइंग वाचता येणारा एक आयटीआयचा पोरगा, जो साइटवर दिवसभर उभा राहतो आणि संध्याकाळी किती किलो कापलं, किती उभं केलं, हायड्रा क्रेन किती तास लागली हे पाठवतो. तिसरी साइट मला त्याच्यामुळे झेपली. मालकाने तोंडी सांगितलेलं जास्तीचं काम, ‘इथं एक खिडकी टाका ना’ वगैरे, तो व्हॉट्सॲपवर मालकाचं ‘हो’ आल्याशिवाय कापायला घेत नाही. यावरून दोन गिऱ्हाइकं रुसली. रुसू दे.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, केली नसेल तर करा आणि तो नंबर बिलावर छापा. कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शेडसारख्या कंत्राटाला हा कायदा लागू होतो का यावर वकिलांची भांडणं आहेत, तेव्हा त्याच्या भरवशावर उधारी देत बसू नका. मी कधी व्याज मागितलं नाही. नुसता नंबर बघून त्यांचा सीए थोडा घाई करतो, एवढाच अनुभव.

आता खरं ते सांगून टाकतो. त्या दिवशी दाजींनी ऐकलं असतं तरी दहाच टन आलं असतं, म्हणजे वाचले असते १ लाख २० हजार. उरलेल्या चौदा टनांचा फटका बसणारच होता, कारण कोटेशनवर ‘दर १५ दिवसांपुरता, पुढे बाजारभावाने फरक’ ही ओळ नव्हती. ते कोटेशन मी टाइप केलेलं आणि सही माझी. ती ओळ आता माझ्या लेटरहेडवर छापूनच येते. आणि दाजींकडे आज चाळीस माणसं आहेत, पुण्याकडची कामं करतात, अजूनही एकाच खात्यातून. माझ्याकडे अकरा आहेत. त्यामुळे ‘वाढवायचं कसं’ हे विचारायचं तर कदाचित त्यांनाच विचारलेलं बरं. झोप कशी लागते ते मला विचारा.

सॉफ्टवेअर: टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर सीएकडे आहे. माझ्याकडे प्रत्येक साइटची एक दोनशे पानी वही आणि मोबाइलमध्ये एक एक्सेल शीट.

ताई हे वाचते, म्हणजे दाजींपर्यंत पोचेलच. दाजी, चिंचोळीचं गटर दुरुस्त केलं त्याचे ११,५०० भागीदारी मोडताना माझ्या एकट्याच्या नावावर पडलेत. वहीत पान ४३ वर आहे, या दिवाळीला आलात की दाखवतो.