कॉफी आंबट लागली म्हणजे फसलात असं नाही

म्हापशाच्या ताईंचे दोन प्रश्न आहेत. चिकमगळूरकडच्या एका कुटुंबाच्या मळ्यातली कॉफी दुप्पट पैसे मोजून मागवली, ती आंबट लागते, तर फसले का? आणि आमच्या कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) कॉफी होईल का?

ताई, आधी पाकीट उलटून बघा. भाजल्याची तारीख, झाडाची जात (एस ७९५, सिलेक्शन ९ असं काहीतरी), मळ्याची उंची आणि बी वॉश्ड (गर धुऊन काढून वाळवलेली) की नॅचरल (फळासकट वाळवलेली), एवढं लिहिलेलं असेल तर माल बहुधा खरा. नुसतं ‘इस्टेट’ आणि डोंगराचं चित्र असेल, तर पैसे चित्राचे गेले.

दुप्पट का, ते मी डोळ्यांनी बघितलंय. वहिनीचं माहेर तिकडचं, छोटा मळा, घरचीच माणसं. कॉफीच्या एकाच झुपक्यात लाल, पिवळी, हिरवी फळं असतात. फक्त लाल तोडायची म्हणजे त्याच झाडाकडे तीन-चारदा जावं लागतं. तरी वहिनीची आई संध्याकाळी सूप घेऊन बसते आणि चुकून आलेली हिरवी फळं वेचून काढते. वाळवण उंच जाळ्यांवर. दिवसभर हलवत राहायचं, रात्री दव पडायच्या आत झाकायचं. घरात ओलावा मोजायचं यंत्र आहे, पण आजी आधी एक बी दाताखाली धरते. दात रुतला तर अजून एक ऊन, कट्‌कन वाजलं तर झालं. मग यंत्र ११ टक्के दाखवतं आणि ती आमच्याकडे बघून हसते. एका जानेवारीत अवकाळी पाऊस आला, ओला माल दोन दिवस झाकून ठेवावा लागला आणि कुबट वास धरला. सगळा साध्या भावात गेला. सहा किलो फळातून साधारण एक किलो कच्ची बी, भाजल्यावर त्यातलीही १५ टक्के घटते. आता हिशोब तुम्हीच करा.

आंबटपणाचं म्हणाल तर अशा बिया हलक्या भाजतात, त्यामुळे थोडी लिंबाची, संत्र्याची चव राहतेच. आपल्या जिभेला चिकोरीवाल्या फिल्टर कॉफीची सवय. तरी फारच आंबट लागत असेल तर दळण जाडं आहे किंवा पाणी कोमट. बारीक दळा. १५ ग्रॅम पूड, २४० मिली नुकतं उकळलेलं पाणी, चार मिनिटं, मग गाळून आधी दुधाशिवाय एक घोट घ्या. मागाहून गोडी आली तर कॉफी उत्तम. व्हिनेगरसारखा वास मारला तर मात्र फळ आंबवताना बिघडलंय, सरळ मळेवाल्याला कळवा. चांगला माणूस बदलून देतो.

आपल्या हवेत खरा घात पावसाळा करतो. जुलैत माझा अर्धा किलो आठ दिवसांत मऊ पडला होता, झाकण नीट न लावल्याने. लहान पाकिटं घ्या, लागेल तेवढंच दळा. फ्रीजमध्ये तर नकोच. सारखं आत-बाहेर केलं की पाणी सुटतं आणि शेजारच्या नुस्त्याचा (मासळीचा) वास फुकट मिळतो.

कुळागराचं थोडक्यात: कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका विसरा. तिला हजार मीटरच्या आसपासचा गारवा लागतो, खाली उन्हात खोडकिडा खातो. रोबस्टा पोफळीच्या सावलीत, मिरीच्या शेजारी आरामात वाढते. मी हौसेने एकच रोप लावलं. मार्चमध्ये पाटाचं पाणी सोडलं की जाईसारखी फुलं, घरभर वास, आणि फळं मोजून सात-आठ! तीन वर्षं खताला दोष दिला. नंतर कळलं, रोबस्टाला स्वतःचा पराग चालत नाही, शेजारी वेगळ्या बियांचं झाड लागतं. आता चार झाडं आहेत, वर्षाला दोन सुपं फळ निघतं. चव अजून पाहुण्यांपुढे ठेवण्याजोगी नाही, वाळवण्यात कुठेतरी चुकतंय.

तुम्हाला लावायचीच असतील तर पावसाच्या तोंडावर फोंड्याला या. झाडांखाली बी पडून रोपं उगवलेली असतात, पाच-सहा घेऊन जा.