अ‍ॅपमधला नोटिफिकेशनचा स्विच चालू दिसतो, पण फोनमध्ये ते बंद असतं, असं का होतं?

तुमचं म्हणणं असं की युजरने फोनच्या सेटिंगमधून नोटिफिकेशन बंद केलं तरी तुमच्या अँड्रॉइड अ‍ॅपमधला स्विच चालूच दिसतो, आणि फ्लॅग, म्हणजे स्विच चालू की बंद याची कोडने ठेवलेली नोंद, तर नीट सेव्ह होतोय. अहो, तो सेव्ह केलेला फ्लॅगच सगळा घोळ करतो.

आमच्या सोसायटीसाठी मी पाण्याच्या वेळा कळवणारं छोटं अ‍ॅप बनवलंय. खालच्या काकूंना मेसेज यायचे बंद झाले, दोनदा पाणी भरायचं राहिलं. त्यांनी फोन दाखवला तर स्विच हिरवागार, मी पण तेवढंच बघून म्हटलं काकू चालू आहे, नेट गेलं असेल. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा फोनची सेटिंग उघडली, तिथे बंद! फार वाईट वाटलं मला, त्या बिचाऱ्या माझ्या स्विचवर विश्वास ठेवून बसलेल्या.

झालं होतं असं की त्यांच्या मुलाने अ‍ॅप काढून परत टाकलं होतं. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, नव्याने टाकलेल्या अ‍ॅपचं नोटिफिकेशन बंदच असतं, परवानगी मागावी लागते. पण ऑटो बॅकअपने, म्हणजे अँड्रॉइड आपोआप ठेवतं त्या प्रतीने, जुने शेअर्ड प्रेफरन्सेस (जिथे असे फ्लॅग सेव्ह होतात ती फाइल) परत आणले, त्यात स्विच चालू, आणि 'परवानगी विचारून झाली' हा फ्लॅगसुद्धा त्यातच आला, मग माझ्या कोडने विचारलंच नाही.

म्हणून स्विच दाखवताना दरवेळी सिस्टमलाच विचारा, नोटिफिकेशनमॅनेजरकॉम्पॅटमध्ये आर-नोटिफिकेशन्स-एनेबल्ड आहे ते वापरा, आणि ते ऑनरिझ्यूममध्ये (स्क्रीन दरवेळी समोर आली की चालतं ते फंक्शन) टाका, ऑनक्रिएटमध्ये (स्क्रीन नव्याने तयार होताना चालतं ते) नको, कारण सेटिंगमधून मागे आल्यावर बहुतेक वेळा ऑनक्रिएट परत चालतच नाही. अँड्रॉइड ८ पासून चॅनेल, म्हणजे नोटिफिकेशनचे वेगवेगळे चालू-बंद करता येणारे प्रकार, वेगळे असतात, अ‍ॅप चालू आणि नेमकं तुमचं चॅनेल बंद असंही होतं, तेव्हा चॅनेलचं इम्पॉर्टन्सही बघा, त्यावरून ते बंद आहे का ते कळतं. युजरची आवड सेव्ह करायला हरकत नाही, सकाळचं पाणी कळवा संध्याकाळचं नको वगैरे, पण ती आवड आणि सिस्टमची परवानगी दोन्ही असेल तरच स्विच चालू दाखवायचा.

आणि चालू करायला गेल्यावर तुमचा कोड स्वतः ते चालू करू शकत नाही हे लक्षात ठेवा. परवानगीचा डायलॉग दाखवा, दोनदा नाही म्हटलेलं असेल तर तो परत येतच नाही, मग सरळ अ‍ॅपच्या नोटिफिकेशन सेटिंगचं पान उघडून द्या, आणि युजर परत येईपर्यंत स्विच बंदच राहू द्या.

एक राहिलं, कोडमधून सेट-चेक्ड करून स्विच बदलला तरी चेक्ड-चेंज लिसनर (स्विच बदलला की चालणारा कोड) चालतो, माझ्याकडे त्यामुळे सेटिंगचं पान आपोआप उघडत होतं, त्याऐवजी युजरने दाबल्यावरच चालणारा क्लिक लिसनर लावला तेव्हा थांबलं.