पेंग लियुआन यांच्याआधी चिनी नेत्याच्या पत्नीने परदेश दौऱ्यात असं काम कोणी केलं होतं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. शी चिनपिंग यांच्या पत्नी पेंग लियुआन आज परदेशात जे करतात ते आधी कोणी केलं होतं का, आणि अशा दौऱ्यात पत्नीचं नेमकं काम काय असतं. च्यांग कै शेक यांच्या पत्नी सूंग मेईलिंग यांचं नाव पुष्कळांना आठवेल. फेब्रुवारी १९४२ मध्ये त्या पतीबरोबर भारतात आल्या, कलकत्त्यात गांधीजींना भेटल्या आणि पुढच्या वर्षी अमेरिकी काँग्रेससमोर बोलल्या. पण ते कुओमिनतांगचं, म्हणजे १९४९ आधी सत्तेवर असलेल्या राष्ट्रवादी पक्षाचं राज्य. कम्युनिस्ट चीनमधलं खरं उदाहरण म्हणजे राष्ट्राध्यक्ष लिऊ शाओ ची यांच्या पत्नी वांग ग्वांगमेई. उत्तर त्यांच्याभोवतीच देतो.

जन्म १९२१, बीजिंग. वडील जुन्या सरकारातले अधिकारी. बीजिंगच्या फू रन या कॅथलिक विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. १९४६ मध्ये अमेरिकेच्या मध्यस्थीने कुओमिनतांग आणि कम्युनिस्ट यांच्यात बोलणी चालू होती, तेव्हा कम्युनिस्ट बाजूच्या इंग्रजी दुभाषी म्हणून त्यांनी काम केलं. मग येनान हा कम्युनिस्टांचा तळ, आणि १९४८ मध्ये लिऊंशी लग्न. या पार्श्वभूमीतली इंग्रजी फार महत्त्वाची. मेजवानीच्या टेबलावर दुभाषी मध्ये आला की गप्पांचं निवेदन होऊन बसतं. शेजारच्या पाहुण्याशी थेट बोलू शकणारी बाई शिष्टमंडळात असणं ही मोठी सोय असते.

अडचण अशी, की क्रांतीनंतरच्या चीनमध्ये ‘नेत्याची पत्नी’ हे पदच नव्हतं. घरच्या माणसांत नवराबायको एकमेकांना ‘आयरन’, म्हणजे प्रिय व्यक्ती, म्हणत. ‘फूरन’ हा मानाचा शब्द परदेशी पाहुण्यांपुरता ठेवलेला. पहिले राजदूत बरेचसे सैन्यातले सेनानी होते, आणि त्यांच्या बायका स्वतः पक्षाच्या कार्यकर्त्या. कोणाची तरी ‘मिसेस’ म्हणून मिरवायला जायचं हे त्यांना अपमानास्पद वाटे. पंतप्रधान चौ एन लाय यांच्या पत्नी तंग यिंगचाव यांना त्यांची समजूत घालावी लागली.

हे चालू कसं झालं, तर इंडोनेशियामुळे. सप्टेंबर १९६२ मध्ये तिथले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या पत्नी हार्तिनी चीनला आल्या. बाई पाहुणी आली की यजमानांकडूनही बाई पुढे यावी लागते, हा साधा राजशिष्टाचार. त्या भेटीत माओंच्या पत्नी च्यांग चिंग यांचा फोटो पक्षाच्या मुख्य दैनिकात पहिल्यांदा अशा जाहीर भूमिकेत छापून आला. परतभेटीला मात्र राष्ट्राध्यक्ष लिऊ जाणार होते, म्हणजे सोबत वांग जाणार. पुढच्या वैराची एक मुळी इथे रुजली, असं माझं मत आहे.

१२ एप्रिल ते १६ मे १९६३ असा तो दौरा झाला. इंडोनेशिया, ब्रह्मदेश, कंबोडिया आणि उत्तर व्हिएतनाम. सोबत परराष्ट्रमंत्री चेन यी आणि त्यांच्या पत्नी चांग छियेन. भारताशी युद्ध होऊन जेमतेम पाच महिने झाले होते आणि सोव्हिएत संघाशी फाटत चाललं होतं, त्यामुळे आशियातले मित्र जपणं चीनला निकडीचं होतं. विमानतळावरचे हार, मेजवानीतली बैठक, नाचगाण्याचा कार्यक्रम, यजमानीणबाईंबरोबरचा वेळ, हे सगळं या कामात मोडतं. यातलं काहीही करारात लिहिलं जात नाही, पण चुकलं तर मात्र लगेच दिसतं.

कपड्यांचा प्रश्न इथेच येतो. वांग यांनी छिपाव घातला: उंच बंद गळा, अंगाबरहुकूम शिवण, दोन्ही बाजूंना चीर. निवड अचूक होती. पाश्चात्य गाऊन नाही, कार्यकर्त्याचा ढगळ कोटही नाही. दुरून पाहिलं तरी चिनी बाई आहे हे कळतं. आपल्याकडे साडी जे काम करते तेच. सोबत मोत्यांची माळ आणि उन्हासाठी गवती हॅट.

चूक झाली ती इंडोनेशियात नाही. या दौऱ्याचा माहितीपट करून तो चीनभर दाखवला गेला, तिथे सगळं बिनसलं. जाकार्तातल्या पाहुण्यांसाठी निवडलेला वेश आता जे लोक पाहत होते, त्यांना कापड कुपनावर मिळत होतं आणि रस्त्यावर छिपाव जवळजवळ दिसेनासा झाला होता. वर च्यांग चिंग यांनी सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे माओंनी १९६६ मध्ये सुरू केलेल्या आणि लिऊंना मुख्य लक्ष्य केलेल्या मोहिमेत, जाहीरपणे सांगितलं, की माळ घालू नको असं मी तिला आधीच बजावलं होतं. मग तोच माहितीपट ‘विषारी तण’ ठरला.

६ जानेवारी १९६७ ला मुलीचा अपघात झालाय, असा खोटा फोन करून रेड गार्डनी, म्हणजे या मोहिमेतल्या विद्यार्थ्यांच्या टोळ्यांनी, वांग यांना चुंगनानहाय या नेत्यांच्या बंदिस्त वसाहतीच्या बाहेर काढलं. १० एप्रिलला छिंगह्वा विद्यापीठात प्रचंड सभेपुढे उभं केलं. आधी चौकशीच्या खोलीत तो छिपाव समोर टाकून ‘घाल’ म्हणून दरडावलं. हा उन्हाळी कपडा आहे, आत्ता थंडी आहे, असा वाद त्या घालत राहिल्या. शेवटी अंगावरच्या जाड कपड्यांवरूनच तो ओढून चढवला. पायात उंच टाचांचे बूट, डोक्यावर हॅट, आणि गळ्यात मोत्यांच्या जागी दोऱ्यात ओवलेले पिंगपाँगचे चेंडू. त्या सभेच्या फोटोत दौऱ्यातली एकेक वस्तू मोजून घेता येते.

मला यात सगळ्यात अन्यायाचं वाटतं ते असं: दौरा सरकारी होता, परराष्ट्रमंत्री सोबत होते, माहितीपट सरकारी होता. पण त्यांच्या कामाला पद नव्हतं, म्हणून त्याची जबाबदारी राज्याची न ठरता एका बाईच्या हौसेची ठरली. त्याच वर्षी त्यांना अटक झाली आणि पुढची अकरा वर्षं छिनचंग तुरुंगात गेली. लिऊ नोव्हेंबर १९६९ मध्ये खायफंगला वारले, हे त्यांना १९७२ मध्ये मुलं भेटायला आली तेव्हा कळलं.

आता पेंग लियुआन. फरक पाहायचा असेल तर त्यांच्या नावापुढची पदं पाहा: २०११ पासून क्षयरोग आणि एचआयव्हीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या सदिच्छादूत, २०१४ पासून मुली आणि स्त्रियांच्या शिक्षणासाठी युनेस्कोच्या विशेष दूत. सप्टेंबर २०१४ मध्ये त्या दिल्लीच्या टागोर इंटरनॅशनल स्कूलमध्ये गेल्या, ते शिक्षणाच्या याच चौकटीत बसणारं. कपडेही स्वदेशी, मार्च २०१३ च्या मॉस्को भेटीतला त्यांचा कोट ग्वांगचौच्या एका कंपनीचा निघाला आणि देशात त्याचं कौतुकच झालं. फोटो आपल्या लोकांनाही दिसणार, हे यात आधीच धरलेलं आहे.

वांग १९७८ च्या अखेरीस सुटल्या. नंतर त्या चिनी सामाजिक विज्ञान अकादमीच्या परराष्ट्र संबंध विभागाच्या प्रमुख झाल्या. परदेशी पाहुण्यांशी बोलण्याचं तेच काम, या वेळी स्वतःच्या पदावर. १९९५ पासून गरीब मातांना मदत करणाऱ्या ‘शिंगफू’ (सुख) प्रकल्पासाठीही त्या झटल्या. ऑक्टोबर २००६ मध्ये बीजिंगलाच त्यांचं निधन झालं.