फॉर्म भरून घेण्याआधी

अगं,

तुझ्या पीएच.डी.च्या दोन्ही सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचे आराखडे, वाचल्या. कोणती तुझी आणि कोणती गाइड सरांची, हे ओळखायला वरचं नाव बघावं लागलं नाही. पहिलीत सिव्हिलच्या ओपीडीत डॉक्टर आणि पेशंट एकमेकांशी कसे बोलतात, हा विषय. दुसरीत ‘सोशल मीडियाचा सोलापूर शहरातील युवकांच्या संवादकौशल्यावर होणारा परिणाम’, नमुना ३८४ जणांचा. विषयाला मान्यता देणाऱ्या समितीपुढे, आरआरसीपुढे, कोणती ठेवू, असं विचारतेस. आणि त्याच दमात लिहितेस की दुसरी वर्षभरात उरकेल, तासिका तत्त्वावर किती दिवस काढायचे, पुण्यात एका पीआर कंपनीत ओळख निघाली आहे.

पैशाचं मी काही बोलणार नाही. तासिकेचे पैसे कधी येतात ते मला माहीत आहे, आणि घर तुला चालवायचं आहे. पुण्याला गेलीस तर मला वाईट वाटणार नाही. इथं राहून ती दुसरी सिनॉप्सिस केलीस तर वाटेल.

३८४ कुठून आले, हे विचारलंस का सरांना? क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० साली एक तक्ता छापला. दहा लाख लोकसंख्येला ३८४. पण तो तक्ता यादृच्छिक नमुन्यासाठी आहे. यादीतल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची सारखीच संधी हवी. तू गूगल फॉर्म कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर टाकणार, ज्याला वेळ असेल तो बसमध्ये बसून भरणार. आणि त्यात विचारणार काय, तर ‘मी समोरच्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकतो: पूर्णतः सहमत, सहमत, तटस्थ...’ स्वतःबद्दल ‘असहमत’ कोण लिहील गं?

आपण कसे बोलतो, हे माणसाला स्वतःला सांगता येत नाही. खोटं बोलतो म्हणून नव्हे. त्याला ते ऐकूच आलेलं नसतं. म्हणून त्याला विचारू नये. त्याच्या परवानगीने रेकॉर्ड करावं आणि ऐकावं. परत ऐकावं.

तुझ्याच ओपीडीतल्या टिपणावर येते. विडी कामगार आजी, तेलुगूशिवाय दुसरं फारसं येत नाही, सोबत शाळकरी नात. डॉक्टर मराठीतून विचारतात, किती दिवसांपासून दुखतंय? नात सांगते, आठ दिवस. तू पुढे लिहिलं आहेस, ‘भाषेचा अडथळा जाणवला.’ इथं मी कागद खाली ठेवला. कसला अडथळा? नातीने आजीला विचारलं का, की स्वतःच ठोकून दिलं? आजी मधे काही पुटपुटली का? डॉक्टरांचे डोळे नातीकडे होते की केसपेपरवर? आजी बोलायला तोंड उघडते आणि नात तिच्या आधी उत्तर देते, असं घडलं असेल तर तो भाषेचा अडथळा नाही. ती बोलण्याची पाळी कुणाची, याची गोष्ट आहे. आजीला उत्तम मराठी येत असतं तरी ती घडली असती. आणि नातीने खरंच विचारलं असेल, आजीने तीन वाक्यं सांगितली असतील आणि त्यातली ‘आठ दिवस’ एवढीच डॉक्टरांपर्यंत पोचली असतील, तर ती तिसरीच गोष्ट. तुझ्या टिपणावरून मला यातलं काहीच सांगता येत नाही. तुलाही येणार नाही, कारण घरी येऊन रात्री आठवून लिहिलं आहेस. आठवण सगळं इस्त्री करून देते.

बेकमन आणि फ्रँकेल यांनी अमेरिकेत ७४ भेटी रेकॉर्ड करून ऐकल्या, १९८४ मध्ये छापल्या. पेशंट आपली तक्रार सांगू लागला की सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मधे बोलत. बोलणं पुरं करायला मिळालं ते ७४ पैकी १७ भेटींत. त्या डॉक्टरांना फॉर्म दिला असता तर ‘मी पेशंटचे पूर्ण ऐकून घेतो’ यापुढे काय लिहिलं असतं, सांग बघू.

बोलण्याचा बारकाईने अभ्यास करणारा समाजशास्त्रज्ञ हार्वे सॅक्स, त्याचं नाव तुला नेट परीक्षेपुरतं माहीत आहे. त्याने लॉस एंजेलिसमध्ये असताना काय ऐकलं, ते माहीत आहे का? एका मानसोपचार रुग्णालयाला येणारे फोन. रुग्णालयाची अडचण साधी होती, फोन करणारे नाव सांगत नसत. फोन उचलणारा आधी स्वतःचं नाव सांगायचा, म्हणजे समोरचाही आपलं सांगेल. एका फोनवर समोरचा म्हणतो, ऐकू आलं नाही. कर्मचारी पुन्हा स्वतःचं नाव सांगतो. समोरचा तेच नाव उच्चारून खात्री करतो. झालं! स्वतःचं नाव सांगायची जागा निघून गेली, आणि ‘सांगत नाही’ असं कुणी कुणाला म्हणालंही नाही. सॅक्सची १९६४ पासूनची व्याख्यानं या असल्या ऐकण्यातून उभी राहिली. तो १९७५ मध्ये अपघातात गेला, चाळिशीत. त्याच्या व्याख्यानांचं पुस्तक गेल जेफरसनने संपादित करून १९९२ साली आणलं. जेफरसन म्हणजे तीच, जिच्या खुणा वापरून आपण अजून बोलणं उतरवतो. हयातीत त्याने छापलं ते थोडंच.

हे मी मुद्दाम सांगते आहे, लपवत नाही. माझ्याही नावावर निबंध थोडे आहेत. २०१० नंतर एपीआयचे गुण आले, म्हणजे निबंध मोजून बढती. दोनशे प्रश्नावल्या भरून घ्या मॅडम आणि मोकळ्या व्हा, असं मला वरिष्ठांनी सांगितलं. मी घेतल्या नाहीत. माझ्यानंतर आलेले प्राध्यापक झाले आणि मी सहयोगी प्राध्यापक म्हणूनच निवृत्त झाले. स्टाफरूममध्ये मला आळशी म्हणत, हेही कानावर यायचं. आळशी माणूस तासाभराच्या टेपला आठवडा देत नाही. मी काही सॅक्स नव्हे, पण मला जे ऐकू आलं नाही ते मी कधी छापलं नाही.

जीव तुटतो तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या शेडमधल्या माझ्या कॅसेट. त्या खडखडाटात माणसं ओठांनी आणि हातांनी बोलायची. माग थांबला की मिनिटभर तेलुगू, मराठी, दखनी सगळं एकदम उसळायचं. माझं तेलुगू भाजीबाजारापुरतं. ज्यांच्याकडून समजून घ्यायचं होतं त्यातले बरेच आता नाहीत, आणि काही फितींना बुरशी लागली आहे. तू तेलुगू शीक. आत्तापासून. नाहीतर तेलुगू घरातला एखादा एम.ए.चा मुलगा बरोबर घे, आणि त्याचं नाव निबंधावर घाल, आभारात नको.

आणि ‘आपल्याकडे असा अभ्यास मान्य होत नाही’, हे वाक्य पुन्हा लिहू नकोस. मिरजेजवळच्या कुपवाडमध्ये गंपर्झ आणि विल्सन या भाषाशास्त्रज्ञांनी मराठी, कन्नड आणि उर्दू ऐकली. शब्द वेगवेगळे, पण वाक्याची बांधणी इतकी सारखी झालेली की शब्दागणिक शब्द बदलून एका भाषेतून दुसरीत जाता यावं. १९७१ चा तो निबंध जगभर शिकवतात. कुपवाड आपल्यापासून किती लांब आहे? आणि तुझ्या ओपीडीच्या रांगेत सकाळी त्या तिन्ही असतात, वर तेलुगू.

सर्वेक्षणाशी माझं वैर आहे असं सरांना सांगू नकोस. १९५६ साली पुणे आकाशवाणीने शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं चालवली. गावात गट बसवायचा, कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा. पॉल न्यूराथ यांनी मंडळं असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना केली, तेव्हा मंडळांच्या गावांत लोकांची माहिती कितीतरी जास्त वाढलेली दिसली. तिथं प्रश्न विचारणं योग्यच होतं. कुणाला काय कळलं, हे विचारून समजतं. कोण कसं बोलतं, हे समजत नाही.

शिकवण्याचं तू एका ओळीत उडवलं आहेस, ‘मुलं बोलतच नाहीत.’ मोबाईल टेबलावर ठेव, मुलांना सांगून, आणि आपला एक तास रेकॉर्ड कर. प्रश्न विचारल्यावर तू किती थांबतेस ते मोज. मेरी बड रो यांना अमेरिकेतल्या वर्गांत आढळलं होतं की शिक्षक सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारेही बोलू लागतात. प्रेषक-संदेश-ग्राहक ही आकृती फळ्यावर काढायचीच असेल तर काढ, पण क्लॉड शॅनन या अभियंत्याने १९४८ मध्ये ती तारेतून संकेत कसे जातात यासाठी काढली होती आणि अर्थाचा या अभियांत्रिकीच्या प्रश्नाशी संबंध नाही असं स्वतःच लिहून ठेवलं होतं, हेही सांग. मग मुलांना घरातलं मिनिटभराचं बोलणं, घरच्यांना विचारून, रेकॉर्ड करून आणायला लाव. उतरवू दे त्यांना. सूर, थांबा, एकमेकांवर चढलेले शब्द, सगळं.

आता काम. मोबाईल पर्समध्ये चालू ठेवून ओपीडीत जायचं नाही, हे तुला माहीत आहे तरी लिहिते. आधी नैतिकता समितीचा अर्ज. संमतीपत्र मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायचं आणि तेही रेकॉर्ड करायचं. उतरवताना नावं काढून टाकायची. परवानगीला महिने लागतील. तोवर ज्यांची हरकत नाही अशा एका किराणा दुकानात बस, दहा मिनिटं रेकॉर्ड कर आणि ईलॅनवर, म्हणजे रेकॉर्डिंग उतरवायच्या सॉफ्टवेअरवर, उतरव. फुकट मिळतं ते.

ती दहा मिनिटं आणि उतरवलेली पानं घेऊन सरांकडे जा, नुसती सिनॉप्सिस घेऊन नको. हेडफोन त्यांच्या कानाला लाव. तरीही नाही म्हणाले तर मला फोन कर. मी येते त्यांच्याकडे. माझ्याच वर्गात होते ते.

तुझी,
मॅडम